साडेपाचशे परस खोल

बाभळीचा काटा जुना झाला की पांढरा पडतो. बुडाशी जाड, टोकाला निमुळता, उन्हात धरला तर जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असे चाळीसेक काटे मी वर्गात वर्तमानपत्रावर मांडून बसलो होतो. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. सातवीतला एक मुलगा शेजारी उकिडवा बसून एकेक काटा बोटाच्या पेरावर टेकवत टोक मोडलं नाही ना हे बघत होता. समुद्राच्या तळाकडे राहणाऱ्या एका माशाच्या जबड्यात हे काटे दात म्हणून बसणार होते. आमच्यापैकी कुणीही तो मासा बघितलेला नव्हता, आणि त्या मुलाने तर समुद्रही बघितलेला नव्हता.

माजलगाव धरणाच्या जवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो मासा म्हणजे अँगलरफिश. अँगलर म्हणजे गळ टाकून मासे धरणारा. पोरांनी त्याचं नाव ‘गळवाला’ ठेवलं आणि पुढे आम्ही सगळे तेच म्हणू लागलो.

या माशाची आणि माझी ओळख जुनी आहे आणि ती चुकीची होती. १९९१ साली मी बीएस्सीला औरंगाबादला आलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एक लांबट अंधारी खोली होती, तिला म्युझियम म्हणत. बरण्यांमध्ये फॉर्मॅलिन पिवळं पडलेलं, त्यात नाग, वटवाघूळ, झिंगे, पांढऱ्या पडलेल्या माशांच्या रांगा. आणि एका कपाटाच्या वर, छताला जवळजवळ टेकलेली, प्लास्टरची एक प्रतिकृती. चांगली चार फूट लांब. काळी, गोल, पोट सुटलेली, तोंड उघडं, कपाळातून निघालेली एक काडी आणि काडीच्या टोकाला पिवळा रंग दिलेला गोळा. खाली पाटी होती, ‘मेलॅनोसीटस जॉन्सोनी, खोल समुद्र’. बस्स, एवढंच.

मी खेड्यातून आलेला मुलगा. नदीच्या डोहातला मोठ्यात मोठा वाम मी हातभर पाहिलेला. त्या काळ्या माशापुढे मी किती तरी वेळ उभा राहायचो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा अण्णांना सांगितलं, समुद्रात वासराएवढा मासा असतो, त्याच्या डोक्यावर दिवा असतो. अण्णांनी विचारलं, ‘किती खोल?’ मी म्हणालो, हजार मीटर. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजायची, एक परस म्हणजे एक उभा पुरुष. सहा फुटांचा परस धरला तर हजार मीटर म्हणजे साडेपाचशे परस. आमची विहीर नऊ परसांची होती आणि तिच्या तळाशी गाळ काढायला उतरलेल्या माणसाला दुपारी आभाळ ताटलीएवढं दिसायचं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे मी शिक्षक झालो आणि ‘वासराएवढा मासा’ कितीतरी वर्षं वर्गात सांगितला. फळ्यावर काढून दाखवला. पोरांनी घरी जाऊन सांगितला असेल.

२०२५ च्या जानेवारीअखेर स्पेनच्या टेनेरीफ बेटाजवळ एक मेलॅनोसीटस, म्हणजे त्याच जातीची अँगलरफिश, भरदिवसा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पोहताना दिसली. शार्क माशांवर काम करणाऱ्या एका पथकाला ती सापडली आणि डेव्हिड हारा बोगुन्या या छायाचित्रकाराने तिचं चित्रण केलं. काही तासांत ती मेली, आणि तिचा देह तिथल्या निसर्ग व पुरातत्त्व संग्रहालयात नेला. तो व्हिडिओ जगभर फिरला, आमच्या गावातही आला, मागे रडवं गाणं लावून. पोरांनी मला मोबाइल दाखवला. ती मासोळी मुठीत मावेल एवढी होती.

‘सर, तुम्ही तर वासराएवढा म्हणला होता.’

मी त्या दिवशी घरी जाऊन शोधलं. मेलॅनोसीटस जॉन्सोनीची मादी जास्तीत जास्त १८ सेंटिमीटर. माझी वीत त्याहून मोठी आहे. नर तर तीन सेंटिमीटरच्या आत, बोटाच्या दीड पेराएवढा. म्हणजे चौतीस वर्षं मी जे सांगत होतो ते धादांत खोटं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं, कारण पहिल्या वर्षीची ती मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांना जाऊन दुरुस्ती सांगणं माझ्या हातात नाही.

कॉलेजातली ती प्रतिकृती मोठी केली होती यात काही गैर नव्हतं. प्रतिकृती मोठी करावीच लागते, नाहीतर दहा-पंधरा सेंटिमीटरच्या काळ्या गोळ्यात दात कुठे, डोळा कुठे, विद्यार्थ्याला काय कळणार? पण ‘सातपट’ एवढा एक शब्द पाटीवर हवा होता. नकाशाला प्रमाण लागतं, औषधाला मात्रा लागते, तसं प्रतिकृतीला माप लागतं. ज्या वस्तूला बघणारा कधीच प्रत्यक्ष बघणार नाही, तिच्या बाबतीत तर ते माप म्हणजे अर्धं सत्य असतं.

आणि या माशाची गोष्ट तशीच आहे. अल्बर्ट ग्युंथर यांनी १८६४ मध्ये मदेइरा बेटाकडून आलेल्या एका नमुन्यावरून त्याला नाव दिलं. त्यानंतर खोल समुद्रात, त्याच्या स्वतःच्या अंधारात जिवंत पोहणाऱ्या या माशाचं चित्रण झालं ते २०१४ च्या नोव्हेंबरात, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या दरीत, सुमारे ६०० मीटरवर, दूरनियंत्रित पाणबुडीतून. मधली दीडशे वर्षं जगाकडे होते ते जाळ्यात ओढून वर आलेले मेलेले नमुने. हाडं पातळ, अंग पाणचट, कातडी नाजूक. जाळ्यात रगडून वर येतो तेव्हा निम्मं अंग सोललेलं असतं. मग फॉर्मॅलिन, मग अल्कोहोल, आणि रंग उतरत जातो. बरणीतला मासा खरा असतो, पण खरा दिसत नाही.

म्हणून तर प्रतिकृती आल्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ हे दोघं एकोणिसाव्या शतकात जेलीफिश, समुद्रफुलं, गोगलगायी काचेतून घडवायचे आणि जगभरच्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना पाठवायचे, कारण हे मऊ प्राणी बरणीत ठेवले की पांढरा लगदा होऊन तळाशी बसत. तापलेल्या काचेतून वडील आणि मुलगा एकेक पाय, एकेक तंतू ओढतायत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बरणीतल्या खऱ्यापेक्षा हातानं घडवलेलं जास्त खरं असू शकतं, हे त्यांनी दाखवलं. मी ठरवलं, आपण गळवाला करायचा. तिप्पट करायचा. आणि शेजारी मूळ मापाचा ठेवायचा.

लगदा माझ्या आईच्या पद्धतीने केला. जुन्या वह्या, वर्तमानपत्रं आठवडाभर भिजत घालायची, उखळात कुटायची, भिजवून वाटलेल्या मेथ्या घालायच्या म्हणजे कीड लागत नाही आणि चिकटपणा येतो. आई पालथ्या घागरीवर असा लगदा थापून टोपली करायची. तीत ती डाळी ठेवायची, आणि ती टोपली आमच्या घरात वीस वर्षं टिकली. आम्ही पालथ्या माठावर थापला. माठ म्हणजे माशाचं पोट. त्या सप्टेंबरात पावसाने सारा मराठवाडा झोडपून काढला, सिंदफणा पात्राबाहेर गेली, सोयाबीन रानातच कुजलं. शाळा बंद होती, आणि उघडली तेव्हा आमच्या माशाच्या पोटावर बुरशीची हिरवी लव आली होती. ज्यांचं पीक गेलं त्यांच्या पोरांना मासा करायला बसवावं की नाही हे मला कळेना. ती आपणहून आली. एकीने सगळा लगदा घरी नेऊन चुलीशेजारी वाळवून आणला. त्याला धुराचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही.

दातांचं काम त्या काटेवाल्या मुलाने डोक्यात घेतलं होतं. त्याचा मामा धरणावर जाळी टाकतो. मी सांगितलं की अँगलरफिशचे दात आतल्या बाजूला लवतात, शिकार आत शिरताना दात वाट देतात आणि बाहेर पडू देत नाहीत. तो लगेच म्हणाला, मामाच्या कामट्यांच्या सापळ्याला तोंडाशी आत वळलेल्या काड्या असतात, मासा आत जातो पण परतत नाही, तसंच. मग लगद्यात काटे घट्ट रोवणं त्याला मान्यच होईना. दुसऱ्या दिवशी तो सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी घेऊन आला. ट्यूबला खिळ्याने भोकं, भोकांत खालून वर काटे, आणि ती पट्टी जबड्याच्या आतून चिकटवायची. वाळल्यावर मी बोट घातलं. काटे आत झुकले. बोट ओढलं तर टोकं कातडीत रुतली. जे मी चित्रं बघून समजून घेतलं होतं ते पहिल्यांदा मला बोटात कळलं.

काळा रंग हा सगळ्यात अवघड भाग निघाला. खोल समुद्रातल्या काही माशांची कातडी एवढी काळी असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला अर्धा टक्काही परत येत नाही. २०२० मध्ये कॅरेन ऑस्बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा सर्वांत काळा निघाला तो अँगलरफिशच्याच गोतातला एक मासा, त्याच्या अंगावरून ०.०४ टक्के उजेड परतत होता. कातडीत रंगद्रव्याचे कण एवढे दाटीने बसलेले असतात की एका कणाला चुकलेला उजेड शेजारच्या कणात जाऊन मुरतो. कारण सरळ आहे. कपाळावर दिवा घेऊन बसायचं, तर त्या दिव्याचा उजेड आपल्याच तोंडावर पडून शिकारीला दिसता कामा नये.

पोरांनी आधी ऑइल पेंट आणला. लावला तर मासा नव्या मोटारसायकलसारखा चमकला. तो खरवडून काढला. मग चुलीवरच्या तव्यांच्या बुडाची काजळी गोळा केली. ती बाभळीच्या डिंकात कालवली तर पुन्हा तकाकी, कारण डिंक वाळला की काचेसारखा होतो. शेवटी नुसता डिंक लावला आणि तो ओला चिकट असतानाच वरून कोरडी काजळी कापडाच्या पुरचुंडीतून झटकली, तीन हात. दार-खिडक्या लावून बघितलं. माशाच्या जागी भिंतीत भोक पडल्यासारखं दिसत होतं. ०.०४ टक्के काजळीनेही होत नाही, हे मी पोरांना सांगितलं, पाटीवरही लिहिलं.

दाबाबद्दल एका पालकाने विचारलं, एवढ्या पाण्याखाली तो चिरडत कसा नाही? दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब वाढतो. हजार मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक क्विंटल. सोयाबीनच्या अडतीवर आयुष्य गेलेल्या माणसाला क्विंटल समजावून सांगावा लागत नाही. आणि मासा चिरडत नाही, कारण त्याच्या अंगात चेपण्यासारखी हवाच नसते. इतर बऱ्याच माशांना असते ती हवेची पिशवी याला नाही. आत पाणी, बाहेर पाणी.

दिव्याचं सांगताना माझ्या बायकोचा शब्द उपयोगी पडला. गळाच्या टोकाच्या गोळ्यात मासा स्वतः उजेड करत नाही, आत जिवाणू राहतात, ते चमकतात. पिल्लू वरच्या पाण्यात असतं तेव्हा त्याच्याकडे हे जिवाणू नसतात. खाली उतरल्यावर ते आजूबाजूच्या पाण्यातून मिळतात असं दिसतं. ‘म्हणजे विरजण,’ ती म्हणाली, ‘आपल्या घरचं संपलं की शेजारून आणायचं.’ मी वर्गात तसंच सांगितलं.

नर आणि मादीची गोष्ट सांगावी की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सातवीचा वर्ग आहे. पण सांगितली, आणि बरं झालं. आइसलंडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांना १९२२ मध्ये एक मोठी अँगलरफिश मिळाली, वेगळ्या जातीची, सेराटियास होल्बोली. तिच्या पोटाला दोन छोटे मासे तोंडाने घट्ट चिकटलेले. त्यांना वाटलं, पिल्लं आहेत. तीन वर्षांनी लंडनच्या संग्रहालयात चार्ल्स टेट रीगन यांनी असाच एक चिकटलेला छोटा मासा कापून बघितला, तेव्हा कळलं की ते पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला नर आहे. तो मादीला चावून धरतो, त्यांची कातडी जुळते, रक्त एक होतं, आणि मग तो तिच्याच रक्तावर जगतो. परका अवयव आपलं शरीर नाकारतं, म्हणून तर किडनी बदलल्यावर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. असे जुळणारे मासे मात्र प्रतिकारशक्तीची काही मूळ जनुकंच हरवून बसले आहेत, हे २०२० मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत झालेल्या कामातून पुढे आलं.

वर्ग गप्प होता. मग काटेवाला मुलगा म्हणाला, ‘म्हणजे सर, एक कोयता.’

बीडबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ऊसतोडीला जाताना नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल कोयत्यावर मिळते, गाडीत जागा कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. एकटा माणूस अर्धा कोयता. त्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप मुकादमाच्या वहीत असेच दोघं मिळून एक असतात. मी पुस्तकांत या माशांबद्दल परजीवी हा शब्द वाचत आलो होतो, तोच फळ्यावर लिहिला होता. तो पुसला नाही, शास्त्रातला शब्द आहे. पण त्याच्या शेजारी पोरांनी ‘एक कोयता’ लिहिलं, तेही मी पुसलं नाही.

मात्र आमचा मासा मेलॅनोसीटस होता, आणि त्या जातीचा नर कायमचा जुळत नाही. धरतो आणि सोडून जातो. इंटरनेटवरच्या कित्येक चित्रांत याच माशाच्या पोटाला नर चिकटवलेला दिसतो, आणि पोरांनाही तो चिकटवायचाच होता. मी अडून बसलो. एकदा वासराएवढा मासा सांगून झाला होता. शेवटी नर वेगळा केला, तोही तिप्पट, म्हणजे बोटाएवढा, बिनगळाचा, मोठ्या नाकपुड्यांचा, आणि तारेवर मादीच्या मागे टीचभर अंतरावर लटकवला. मूळ मापाची जोडी वारुळाच्या मातीची केली. आपली काळी माती वाळली की तडकते, पोळ्याचे बैल करणाऱ्या पोरांना ते ठाऊक होतं.

दिवाळी झाली. टोळ्यांचे ट्रक लागले. काटेवाल्या मुलाचे आईबाप कोल्हापूरकडे निघाले. धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तोही गेला. मी घरी जाऊन बोललो, हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, आजीजवळ ठेवा म्हणालो. आजीला दिसत नाही. त्याच्या आईने मला चहा दिला आणि दुसरं काही बोलली नाही. गळाचा दिवा तेव्हा बसवायचा राहिला होता.

डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन झालं. निळा एलईडी घड्याळाच्या दोन सेलांवर बसवला, खोक्याला आतून काळं कापड लावलं. येणारा प्रत्येक जण आधी मोठ्या माशाकडे बघायचा, मग पाटी वाचायचा, मग वाकून मातीची जोडी बघायचा. एक म्हातारे गृहस्थ आपली वीत त्या मातीच्या माशाशेजारी धरून बघत राहिले. बक्षीस दुसऱ्या एका शाळेच्या ठिबक सिंचनाला मिळालं. ते कामही चांगलं होतं.

त्या रात्री साडेनऊला फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी पाचट पेटवल्याचं बोलत होतं. त्याने बक्षिसाचं विचारलंच नाही.

‘दिवा लावला का सर?’

लावला, म्हणालो.

‘किती लावलाय? लई तर नाही ना? मामा म्हणतो, रात्री बॅटरी पाण्यावर मोठी मारली तर मासा पळतो. बारीक ठेवली तर जवळ येतो.’

मी म्हणालो, झगझगीत आहे रे, लांबून दिसावा म्हणून ठेवला.

‘मग त्याच्या जवळ कोण येईल?’

दुसऱ्या दिवशी मासा शाळेत परत आणला. मधल्या सुट्टीत एक कांदा सोलला, आतले पातळ पांढरे पापुद्रे काढले आणि एलईडीवर एकावर एक गुंडाळले. दोन झाले तरी उजेड जास्तच होता. तिसरा लावला. चौथ्याला तो निळा ठिपका मंद झाला. मी खिडक्या लावून घेतल्या, दारही लोटलं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बाकावर बसून राहिलो. मासा दिसेना. जबडा दिसेना, काटे दिसेनात. नुसता तो ठिपका. पापुद्रा सैल पडत होता, म्हणून अंदाजाने हात पुढे केला, तर बोट थेट काट्यांत गेलं.